पाहुण्यासाठी भरलेली विहीर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, अधीक्षक अभियंता माननीय रेवणप्पा हलकुडे साहेब. व्यासपीठावरील सर्व मान्यवर. ज्यांच्यासाठी आपण आज लातुरात जमलो ते सत्कारमूर्ती, वरिष्ठ भूवैज्ञानिक आदरणीय व्यंकटराव पवळे साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि आतापर्यंतच्या भाषणांत ज्यांच्या वाट्याला फक्त ओझरता उल्लेख आला त्या तुळजाबाई वहिनी. कार्यालयातले अधिकारी-कर्मचारी बंधू-भगिनी. आणि सकाळपासून टेम्पोत अंग मोडून घेत इथवर पोचलेली माझ्या उंबरदरीची माणसं. आपणा सर्वांना माझा जयभीम आणि नमस्कार.

मी पंचशीला श्रीमंत ढवळे, उंबरदरीची सरपंच. अहमदपूरहून लोह्याकडे जाताना माळ चढला की डाव्या हाताला आमचं गाव. दिसत नाही, म्हणून सांगते. अध्यक्षसाहेबांनी मला वेळ थोडा दिलाय आणि तो पाळायला सांगितलाय. माझ्या आधी जे साहेब बोलले त्यांनाही तसंच सांगितलं असणार, तेव्हा मला फार काळजी वाटत नाही.

निरोपाच्या भाषणात माणसाचे गुण सांगायचे असतात. पवळे साहेबांचे पुष्कळ सांगून झाले. नायगावसारख्या ठिकाणी शेतकऱ्याच्या घरात जन्मले, दगडामातीचं शिक्षण घेतलं, निम्मं आयुष्य जीपमध्ये आणि निम्मं विहिरींच्या काठावर काढलं. एक गंमत कुणीतरी सांगितली की ते गावाला कधी कळवून येत नाहीत. जीप शिवाराबाहेर बाभळीखाली उभी करतात, चालत येतात, आणि विहिरीच्या काठावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बायका पाणी किती शेंदतात ते बघत बसतात. कार्यालयात त्यावरून त्यांना ‘चोरपावलाचे साहेब’ म्हणतात म्हणे. हसलात तुम्ही. मीही हसले असते. पण मला त्या सवयीमागचं थोडं ठाऊक आहे, आणि तेच सांगायला मी उभी आहे.

माझं माहेर अर्धापूर. आमच्याकडे कालव्याचं पाणी, केळीच्या बागा. पाटातून पाणी चाललेलं लहानपणापासून कानावर. अशी पोरगी लग्न होऊन उंबरदरीला आली आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी बजावलं, “पंचशीला, उन्हाळ्यात दुपारी हिरीकडं जायचं न्हाई. आन् घरात घागर उपडी करायची तर हळू करायची. आवाज करायचा न्हाई.” मला वाटलं, नव्या सुनेला धाक घालतात. आम्ही बुद्धाच्या वाटेने चालणारी माणसं. भूतखेत आमच्या घरात नाही. मी विचारलंसुद्धा, आत्याबाई, विहिरीत काय आहे? त्या म्हणाल्या, “काई न्हाई. पानी बी न्हाई.”

त्या सासूबाई, सरजाबाई ढवळे, आज इथे आल्या आहेत. तिसऱ्या रांगेत, पांढरं पातळ. लातूर त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं.

आता जरा मागे जाते. नवा जिल्हा झाला तेव्हाचा आनंद इथल्या जाणत्यांना आठवत असेल. त्याआधी आमच्या लोकांना एका सहीसाठी उस्मानाबाद गाठावं लागे, मुक्काम पडे. लातूर जिल्हा झाला आणि जो तो म्हणायला लागला, आता सरकार दारात आलं. पेढे वाटले, फटाके वाजले. आणि कार्यालयं अजून भाड्याच्या खोल्यांत होती तेव्हाच एक मोठं काम निघालं : अख्ख्या जिल्ह्याला प्यायचं पाणी कुठून द्यायचं याचा आराखडा. ते काम पवळे साहेबांकडे आलं.

मी अडाण्यासारखं सांगते, अभियंता मंडळींनी सांभाळून घ्यावं. धरणाचं पाणी सगळ्यांना पुरणार नव्हतं. मग ठरलं असं की, ज्या गावांच्या विहिरी ऐन उन्हाळ्यातही तग धरतात त्यांनी जमिनीतलं पाणी प्यायचं, आणि ज्यांच्या आटतात त्यांना धरणावरून नळ द्यायचा. धरण आणि जमीन, दोघांनी मिळून जिल्हा जगवायचा. यात चूक काय आहे? काहीच नाही. आजही मला तो विचार पटतो. नकाशावर नळाची गावं निळी आणि विहिरीची गावं पिवळी रंगवली. तो नकाशा साहेबांच्या खोलीत भिंतीवर आहे, तुम्ही रोज बघता.

पण कुठली विहीर तग धरते हे ठरवायचं कसं? त्यासाठी भागातली एकेक विहीर निवडून तिची पाणीपातळी वर्षातून काही वेळा मोजायची असते. त्या एका विहिरीवरून आसपासच्या गावांचा अंदाज. आमच्या बाजूला साहेब आले ते अशी विहीर शोधायला. गावात पाटलांची मोठी विहीर होती. देवळामागे एक होती. गावकीने दोन्ही दाखवल्या. साहेब फिरत फिरत आमच्या बौद्धवाड्यात आले, आमच्या घरामागची विहीर बघितली, आणि म्हणाले, हीच. त्यांची कारणं मुरमाची आणि कातळाची होती. वाड्यातल्या माणसांना ती कशाला कळतात? त्यांना एवढंच कळलं की, सरकारने अख्ख्या शिवारातून आपली विहीर उचलली.

आणि साहेबांनी आणखी एक केलं, ते त्यांना आठवत नसेल. ऊन लागलं म्हणून ते विहिरीच्या काठावर बसले आणि सरजाबाईंकडे पाणी मागितलं. बरोबर पाटलांचा माणूस होता, गावातले चारजण होते. सगळ्यांच्या देखत साहेब आमच्या घरच्या तांब्याने पाणी प्यायले आणि म्हणाले, “गोड आहे.” तुम्हा लोकांना यात विशेष काय ते कळणार नाही. ज्या बाईला आपल्याच गावच्या विहिरीवर लांब उभं राहून कुणीतरी घागरीत ओतेपर्यंत वाट बघावी लागली होती, तिला विचारा. म्हणून तर आमच्या लोकांनी ती अरुंद विहीर स्वतःच्या हातांनी खणली होती. नंतर काठाच्या दगडावर पांढऱ्या रंगाने सरकारी क्रमांक घातला गेला. सासूबाई तो दगड रोज पुसायच्या.

पुढच्या मोजणीची वर्दी आधी तलाठ्याकडे आली, तिथून कोतवालाकडे, आणि निवृत्ती कोतवालाने वाड्यात येऊन सांगितलं, परवा साहेब विहीर बघायला येणार. तेव्हा आमच्या वाड्यात काय झालं असेल? तुमच्या घरी पाहुणा येणार असला की तुम्ही काय करता? अंगण सारवता. चांगली सतरंजी काढता. आमच्या बायांनी विहीर शेंदायची थांबवली. दोन दिवस कुणी पोहरा सोडला नाही. लोह्याच्या बाजूला नदी आहे, तिच्या वाळूत खड्डे करून पाणी आणलं आणि त्यावर भागवलं. विहीर भरून आली. साहेब आले, टेप सोडला, मान हलवली, चांगलं आहे म्हणाले. वाड्याची मान उंच झाली.

मग उन्हाळा आला. मे महिन्याची मोजणी. हीच मोजणी खरी, कारण तिच्यावरून रंग ठरणार होता. हे आमच्या वाड्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. विहीर खाली गेली होती. दोन दिवस थांबूनही ती काही भरेना. सासूबाईंच्या जिवाची तगमग सुरू झाली.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते आत्ता, दोन महिन्यांपूर्वी. इतकी वर्षं एका घरात राहून मला याचा पत्ता नव्हता. त्यांचेच शब्द सांगते. “बाई, त्यो सायब आपल्या काठाव बसून पानी पिला. त्याच्याम्होरं हीर रिकामी कशी दावायची? पाटलाची मान्सं काय म्हनतील, ह्यांची हीर आटली?”

म्हणून त्यांनी विहिरीत पाणी ओतलं.

हो, बरोबर ऐकलंत. मे महिन्यात, ज्या दिवसांत माणूस अंघोळीचं पाणी झाडाला घालतो त्या दिवसांत, आमच्या वाड्याने बैलगाडीवर टिपाडं लादून नदीच्या वाळूतलं पाणी आणलं, आणि ते घागरी-घागरींनी आटलेल्या विहिरीत ओतलं. सकाळपासून साहेब यायच्या वेळेपर्यंत. सगळ्यांत पुढे होती सासूबाईंची लेक, माझी नणंद, सिंधू. तिला ते सगळं खेळासारखं वाटत होतं. घागर ओतायची आणि वाकून हसायची, “आई, सायबाला म्हनावं, अजून गोड झालंय.” मी सिंधूला बघितलं नाही. तिचं हसणं मला सासूबाईंनी करून दाखवलं. ऐंशीच्या घरातली बाई, तरण्या पोरीचं हसणं करून दाखवत होती. मला तिथे बसवेना.

साहेब आले. टेप सोडला. पाणी होतं. आकडा लिहिला. अरुंद विहीर, थोड्या पाण्यानेही हातभर चढते. उंबरदरी पिवळी झाली.

धरणावरून नळ आला तो आमच्या अलीकडच्या गावापर्यंत. तिथून वळला. का वळला हे आमच्या लोकांना कळलंच नाही. पुढच्या दुष्काळात पिवळ्या गावांना टँकर उशिरा, कारण कागदोपत्री त्यांच्याकडे पाणी. विहीर तळाला गेली. तळाच्या कपारीत वाटीभर पाणी साचायचं, ते भरायला हलक्या अंगाची पोरगी दोराने खाली सोडायचे. मराठवाड्यात हे कुणाला नवीन आहे? आमच्या घरातून सिंधू उतरायची. एका दुपारी कडेचा मुरूम सुटला. वर दोर धरून सासूबाई होत्या.

क्षमा करा. पाणी नको, ठीक आहे मी.

त्यानंतर आमच्या वाड्यात जी गोष्ट बोलतात ती मी सून होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. उन्हाळ्यात दुपारी त्या विहिरीतून आवाज येतो म्हणतात. रडण्याचा नाही, हाकेचा नाही. पाणी ओतल्याचा. मी मानत नाही. पण खरं सांगते, गेल्या मे महिन्यात मुद्दाम दुपारी जाऊन त्या काठावर उभी राहिले, आणि फार वेळ उभी राहू शकले नाही. काही ऐकू आलं का? ते मी सांगणार नाही. तुम्ही म्हणाल, सरपंच असून असं बोलते.

आता साहेबांकडे येते. दोन महिन्यांपूर्वी मी नळासाठी त्यांच्या कार्यालयात आले. गावाचं नाव ऐकल्यावर ते उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेले. मग म्हणाले, “ताई, तुमच्या गावचा आकडा चुकला होता. तो माझ्यामुळे चुकला. ती मुलगी गेली, तेव्हा मी आलो होतो. घरात शिरायची हिंमत झाली नाही, विहिरीवरूनच परत फिरलो.” नंतर त्यांनी स्वतः पाठपुरावा करून, निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना, उंबरदरी सुधारित आराखड्यात निळी करून घेतली. अध्यक्षसाहेबांची त्यावर सही आहे. त्याबद्दल दोघांचे आभार मानायला गाव टेम्पो करून आलंय.

मी घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं, साहेब म्हणतात त्यांच्या हातून मोजताना चूक झाली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला विहिरीवर घेऊन गेल्या आणि मघाशी सांगितलं ते सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “त्या मान्साचा टेप खोटा न्हवता. हीर खोटी बोलली, आन् हिरीला म्या बोलाय लावलं. त्यो कशापायी जीव जाळून ऱ्हायला? त्याला सांग. म्या हुबी ऱ्हाते, तू सांग.”

म्हणून मी आज इथे आहे. शाल आणि श्रीफळ तुम्ही दिलंत साहेबांना. उंबरदरीला एवढंच द्यायचं होतं की, साहेब, तुमचा आकडा बरोबर होता. टेप बरोबर होता, डोळे बरोबर होते. आमच्या वाड्याने तुमच्या मानापोटी विहीर भरली होती. तुम्ही हे ओझं घेऊन नायगावला जाऊ नका. आत्याबाई, उभ्या राहिलात? राहा. साहेब, या सरजाबाई.

आणखी एक बोलून थांबते. सासूबाईंचं ऐकल्यावर मी आसपासच्या दोन-तीन गावांत, जिथे जिथे काठावर पांढरा क्रमांक आहे तिथे, म्हाताऱ्या बायांना सहज विचारलं. एकीने हसून विषय बदलला. एकीने पदर तोंडाला लावला. भीमाबाई म्हणून एक आहेत, त्या म्हणाल्या, “सगळेच करायचे की. सायब दारात येनार म्हनल्याव रिकामं भांडं कोन दाखवतंय?” तेव्हा अध्यक्ष महोदय, माझ्यासारख्या बाईला रात्री झोप येत नाही ती या प्रश्नाने : तुमच्या भिंतीवरच्या त्या नकाशात जिथे जिथे पिवळं आहे, तिथे जमिनीतलं पाणी किती आणि आमच्या बायांनी ओतलेलं किती? पुन्हा एकदा मोजा. न कळवता मोजा. नवीन साहेब कोण येतील त्यांना हे सांगा.

साहेब, काही म्हणालात का? माईक देऊ? नको म्हणतात. बसून बोलतायत, तेव्हा मागच्यांना ऐकू आलं नसेल.

साहेब म्हणाले, “मला माहीत होतं.”

थांबा, ते सांगतायत. मी जसंच्या तसं तुमच्यापर्यंत पोचवते. “काठावरचे दगड ओले होते. मे महिन्याची दुपार, आणि आतल्या बाजूनेही दगड ओले होते. गाडीच्या चाकोरीत पाणी सांडलं होतं. मला टेप सोडायच्या आधीच कळलं.” मी विचारते त्यांना, मग साहेब, विचारलं का नाहीत? विहीर शेंदून टाका, पुन्हा मोजतो, असं का म्हणाला नाहीत?

ते म्हणतात, “या सरजाबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. सगळा वाडा हसऱ्या तोंडाने उभा होता. त्या पाटलांच्या माणसासमोर मी यांना खोटं पाडू? माझ्याच्याने झालं नाही. मी आकडा लिहिला. वाटलं, एका विहिरीने काय होतंय, पुढच्या वर्षी दुरुस्त करू.”

आत्याबाई, बसा आता. त्यांना धरा कुणीतरी.

अध्यक्ष महोदय, मी इथे एका माणसाचं ओझं उतरवायला आले होते. त्यांनी आमचा मान राखला आणि आम्ही त्यांचा. दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही गप्प राहिले, आणि पोरगी आमची गेली. साहेब, मला तुमचा राग आलाय. आत्ता, या क्षणी आलाय, आणि तो मी लपवत नाही. आणि तुम्ही आज चार लोकांत ते बोललात, याबद्दल आमचा वाडा तुम्हाला कधी विसरणार नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मी काय करू.

मला बोलायची संधी दिलीत, आमच्या गावाला नळ दिलात, त्याबद्दल अध्यक्षसाहेबांचे, या कार्यालयाचे आणि आयोजकांचे मनापासून आभार. तुळजाबाई वहिनी, तुमच्या आनंदाच्या दिवशी मी हे काढलं, तुम्हाला हात जोडते. साहेबांना आणि तुम्हाला उदंड आयुष्य लाभो.

शेवटी म्हणायची रीत आहे की, बोलताना काही चुकलं असेल तर ते पोटात घालावं. मी आज तसं म्हणणार नाही. आमच्याकडे फार पोटात घालून झालंय. माझं काही चुकलं असेल तर मानापानाचा विचार न करता उठा, आणि इथेच, माझ्या तोंडावर सांगा. मी खाली बसत नाही, उभीच आहे.